संसारातील चार गोष्टी : बोटीवर सायकल

प्रवासास निघताना बरोबर काय न्यावे हे ठरविण्यापेक्षा घरी काय ठेवून जावे हे ठरविणे अधिक कठीण, असा आमचा आजवरचा अनुभव आहे. लोणच्याची बरणी, वडील मंडळींची अंथरुणे, मुलांची औषधे, यांच्याविषयीचे वाद प्रत्येक घरात होतात आणि गाडी सुटण्यापूर्वी मिटतातही. परंतु समुद्रावरील चार दिवसांच्या सहलीस घरची सायकल न्यावी की न न्यावी, हा प्रश्न गेल्या कार्तिकात आमच्या घरी उत्पन्न झाला, तेव्हा त्याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. पुष्कळ चौकशी करावी लागली, आणि चौकशी करता करता सायकलीपेक्षा घराविषयीच अधिक कळले. हा अनुभव वाचकांच्या उपयोगी पडावा म्हणून या महिन्यात तोच सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

आमचे गाव किल्लारी, लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यात. येथून समुद्र फार दूर. बोट म्हणून आमच्या मुलांनी पाहिली ती माकणीच्या जलाशयातील मासेमारांची होडी. आमच्या गावाचे नाव ज्या कारणाने सर्वांस ठाऊक झाले ते कारण आनंदाचे नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जन आटोपून गाव निजले असता, पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील माळवदे निजलेल्या माणसांवर आली. लातूर आणि तेव्हाचे उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सरकारी आकड्याप्रमाणे सुमारे आठ हजार माणसे गेली. आमच्या घरची दोन होती. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली, त्यांत आमचेही होते. जुन्या गावात गल्ल्या इतक्या अरुंद की शेजारणीस हाक मारण्यास आवाज चढवावा लागत नसे. नव्या गावात रस्ते रुंद, घरे सुटी सुटी, आणि शाळा, बाजार, देऊळ यांच्यामध्ये मोकळ्या जागाच फार. जुने गाव पायांचे होते, नवे गाव चाकांचे झाले.

ही पार्श्वभूमी सांगण्याचे कारण असे की आमच्या थोरल्या बंधूंची सायकल या सर्व काळात त्यांच्याबरोबर आहे. दादा आज शहात्तर वर्षांचे आहेत. ते शाळेत शिक्षक होते. त्यांची काळी, बावीस इंची, पाठीमागे भक्कम कॅरिअर असलेली सायकल भूकंपानंतर सातव्या दिवशी माळवदाखालून निघाली. पुढचे चाक वाकले होते, सांगाडा शाबूत होता. ती त्यांनी लातुरास नेऊन दुरुस्त करून आणली. पुढे निवृत्तीपर्यंत तिच्यावरून शाळा केली आणि निवृत्तीनंतर रोज सकाळी जुन्या गावाकडे जाऊन येण्याचा परिपाठ ठेविला. त्या फेरीविषयी घरात कोणी बोलत नाही. परंतु त्या वेळी सायकल दुसऱ्या कोणी घेत नाही, एवढा नियम लहान मुलांसही ठाऊक आहे.

दादांचे चिरंजीव पुण्यास असतात. त्यांनी कार्तिकात पत्रिका पाठवावी त्याप्रमाणे घरी कळविले की, मार्गशीर्षात घरच्या आठही माणसांनी मुंबईहून गोव्यापर्यंत आणि परत, अशी चार दिवसांची समुद्रसहल करावयाची आहे. हल्ली जिला 'क्रूझ' म्हणतात त्या विहाराच्या बोटीत खोल्या राखल्या आहेत आणि आगाऊ रक्कमही भरली आहे. घरात मोठा आनंद झाला. एकट्या दादांनी कागद पुन्हा एकदा वाचला, चष्मा काढला आणि विचारले, "सायकल नेता येईल काय?"

सर्वांस तो विनोद वाटला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सायकल येत नसेल तर मीही येत नाही." तेव्हा चौकशीचे काम आमच्याकडे आले.

प्रथम आम्ही असे पाहिले की, ही मागणी वाटते तितकी चमत्कारिक आहे काय? नाही. सायकल आणि जहाज यांचा संबंध जवळजवळ सायकलीइतकाच जुना आहे. टॉमस स्टीव्हन्स हा गृहस्थ १८८४ च्या एप्रिलात सॅन फ्रान्सिस्कोहून उंच चाकाच्या सायकलीवर निघाला आणि १८८६ च्या डिसेंबरात योकोहामास पोहोचला. वाटेत त्याने आपल्या देशातही लाहोरपासून कलकत्त्यापर्यंत सायकल चालविली आणि तेथून पुढे चीनकडे जाण्यास तिच्यासह जहाज धरले. आपल्या मुंबईचे उदाहरण तर याहून अभिमानाचे आहे. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे पारशी तरुण १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून सायकलींवर निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १९२८ च्या मार्चात परत आले. इराण, इराक, सिरियाचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन, सयाम, ब्रह्मदेश असा सुमारे ४४ हजार मैलांचा तो प्रवास होता. जेथे जमीन संपे तेथे सायकली जहाजावर चढत आणि पलीकडच्या किनाऱ्यावर पुन्हा उतरत.

परंतु या उदाहरणांचा आधार घेऊन आम्ही चिरंजिवांस उत्तर लिहावयास बसलो, तेव्हा त्यांतील भेद ध्यानात आला. त्या प्रवाशांस जहाज हा केवळ पूल होता. प्रवास सायकलीचा होता. विहाराच्या बोटीत प्रवास बोटीचाच असतो. किनारा थोडा वेळ लागतो आणि सुटतो, आणि सायकल तेथे पाहुणी असते. पाहुण्याने यजमानाचे नियम पाळावे लागतात.

हे नियम निरनिराळ्या कंपन्यांचे निरनिराळे असले तरी त्यांचा रोख एकच आहे. ज्या कंपन्या सायकल घेऊ देतात त्या बहुधा आगाऊ कळविण्यास सांगतात आणि ती प्रवाशाने आपल्याच खोलीत ठेवावी, मार्गिकेत किंवा जिन्याखाली ठेवू नये, अशी अट घालतात. कारण आग लागल्यास किंवा बोट सोडण्याचा प्रसंग आल्यास त्याच वाटांनी शेकडो माणसांस बाहेर पडावयाचे असते. खोल्या लहान असतात, म्हणून पुष्कळ ठिकाणी दुमडती सायकलच चालते. डेकवर सायकल फिरविण्यास मनाई असते. विजेच्या सायकलीस तर पुष्कळ कंपन्यांचा साफ नकार असतो. तिच्या लिथियमच्या बॅटरीने पेट घेतला तर तो विझविणे फार अवघड, आणि भर समुद्रात आगीइतके भय दुसऱ्या कशाचेही नाही. आमच्या प्रश्नास कंपनीकडून जे उत्तर आले ते याच धर्तीचे होते: घरची मोठी सायकल येणार नाही, दुमडती, खोलीत मावणारी असल्यास आगाऊ लेखी परवानगीने विचार करता येईल.

याहून महत्त्वाची गोष्ट बंदराची. बोट धक्क्यास लागली म्हणजे सायकल उतरवून रस्त्यास लागावे, इतके ते सोपे नसते. मुरगावसारख्या बंदरात मालाची चढउतार चालू असते; अवजड गाड्या आणि यंत्रे यांच्यामधून प्रवाशांनी मन मानेल तसे हिंडणे धोक्याचे, म्हणून फाटकापर्यंत मोटारगाडीने नेण्याची पद्धत पुष्कळ बंदरांत आहे. लक्षद्वीपासारख्या ठिकाणी तर प्रवाळाच्या कड्यामुळे मोठी बोट बेटास लागतच नाही; ती खोल पाण्यात उभी राहते आणि माणसांस लहान होड्यांतून नेतात. हलत्या होडीत माणूस हात धरून उतरविता येतो, सायकलीसाठी कोण हात देणार? परदेशी जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांत पिकांस रोग लागू नयेत म्हणून बाहेरची माती येऊ देत नाहीत. चाकांस चिखल लागलेला असेल तर सायकल अडविली जाते. आमच्या काळ्या जमिनीचा चिखल ज्यांनी पाहिला आहे त्यांस या नियमातील शहाणपण सांगावयास नको.

हे सर्व चिरंजिवांस कळविताच त्यांनी विलंब न लावता पुण्यात एक दुमडती सायकल विकत घेऊन घरी पाठविली. वीस इंची चाके, मध्ये बिजागरी, वजन जेमतेम बारा किलो. अशी सायकल ही काही आजची चूष नव्हे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांसाठी बीएसए कंपनीने बिजागरीच्या सायकली केल्या होत्या. आम्ही ही माहिती दादांस मोठ्या उत्साहाने सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, सायकल उलगडली, गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली, पुन्हा दुमडून भिंतीशी ठेविली आणि म्हणाले, "चांगली आहे. पण ही सायकल नव्हे, छत्री आहे."

त्या रात्री जेवणानंतर आम्ही त्यांस स्पष्टच विचारले की, मुलाने एवढ्या हौसेने योजिलेल्या सहलीत सायकलीचा हट्ट कशासाठी? बोटीवर सर्व सोय आहे. हवे ते हवे तेव्हा पुढे येते. बसावे, समुद्र पाहावा.

दादा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "भूकंपानंतर आपण पत्र्याच्या शेडात होतो, ते आठवते? ताट पुढे करायचे, कोणी तरी वाढायचे. वाढणारी माणसे देवासारखी होती, त्यांच्यामुळे आपण जगलो. मी त्यांना नाव ठेवीत नाही. पण लातुराहून सायकल नीट होऊन आली आणि मी तिच्यावर बसून शाळेची जागा पाहायला गेलो, त्या दिवशी इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी कोणाला न विचारता कोठे तरी गेलो. आता या वयात पुन्हा चार दिवस ताट पुढे करून बसायचे मला जमणार नाही."

हे बोलणे दूरध्वनीवरून पुण्यास कसे पोहोचले ते आम्ही सांगत नाही. मोठ्या घरात शब्दांस पाय फुटतात. चिरंजीव फार दुखावले. "मी बाबांना भीक घालत होतो काय?" एवढेच ते म्हणाले आणि आठ दिवस त्यांचा दूरध्वनी आला नाही. त्यांचेही खोटे नव्हते. भूकंप झाला तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. आईबापांनी काय सोसले ते त्यांनी त्याच शेडात बसून पाहिले होते, आणि आता आपल्या कमाईतून त्यांस चार दिवस सुखाचे द्यावे एवढीच त्यांची इच्छा होती. देणाऱ्याचे मन निर्मळ आणि घेणाऱ्याचेही निर्मळ, तरी मध्ये गाठ बसावी, असा हा प्रसंग होता. सहल मोडणार, भरलेली रक्कम जाणार आणि त्याहून वाईट म्हणजे बापलेकांत अबोला राहणार, अशी चिन्हे दिसू लागली. आम्ही दादांस चार शब्द सांगितले, चिरंजिवांस चार शब्द लिहिले. आमचा उपयोग दोन्हीकडे सारखाच, म्हणजे शून्य झाला.

गाठ सोडविली ती वहिनींनी. नवव्या दिवशी सकाळी भाजी निवडताना, आम्ही दोघे भाऊ समोर बसलो असता, त्या शांतपणे म्हणाल्या, "मी बोटीवर जाणार आहे." दादांनी मान वर केली. त्या पुढे म्हणाल्या, "पन्नास वर्षे मी यांच्या सायकलीच्या कॅरिअरवर बसून जग पाहिले. आता चार दिवस खुर्चीत बसून समुद्र पाहीन. आणि मला कोणी आयते ताट वाढले, तर त्यात मला काही कमीपणा वाटायचा नाही. पन्नास वर्षे मी वाढलेच आहे. यांनी यांची सायकल न्यावी. मी माझी बोट नेते."

आमच्या घरात वहिनी कोठे जाणार आणि दादा जाणार नाहीत, असे पूर्वी कधी घडले नव्हते. परंतु एकदा हे बोलून झाल्यावर त्यात अशक्य असे काय आहे ते कोणासच सांगता येईना. दादाच प्रथम हसले. त्याच संध्याकाळी त्यांनी पुण्यास आपण होऊन दूरध्वनी केला. काय बोलणे झाले ते आम्हांस ठाऊक नाही. परंतु फोन ठेवल्यावर त्यांनी नकाशा मागितला.

बेत असा ठरला. वहिनी, चिरंजीव, सूनबाई, धाकटा नातू आणि आमचे कुटुंब अशा पाचांनी बोटीने गोव्यास जावे. दादा, त्यांची चौदा वर्षांची नात आणि आम्ही अशा तिघांनी मुंबईहून मांडव्यास जाऊन अलिबागेस राहावे आणि चौथ्या दिवशी मुंबईत सर्वांनी भेटावे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून मांडव्यास मार्च २०२० पासून 'रो-रो' म्हणजे गाड्यांसकट माणसे नेणारी मोठी बोट सुरू झाली आहे. रस्त्याने पनवेल, पेण असा वळसा घालून शंभरावर किलोमीटर पडतात. समुद्रातून सुमारे एक तासात पैलतीर येतो. हिच्यावर सायकल पाहुणी नसते. वाहने नेण्यासाठीच ती बोट आहे. दादांची काळी सायकल आणि नातीकडे आलेली ती 'छत्री', दोन्हींस जागा होती.

किल्लारीहून लातुरास सायकली टेंपोत घालून नेल्या आणि रेल्वेच्या सामानाच्या डब्यात नोंदवून रात्रीच्या गाडीने मुंबईस आणल्या. आमच्या लहानपणी लातुरास बार्शी लाईटची चिमुकली गाडी होती, ती कुर्डुवाडीस बदलावी लागे. २००८ मध्ये रूळ रुंद झाल्यापासून ही बदलाबदल संपली. दुसऱ्या दिवशी दुपारी बॅलार्ड पिअरवर मंडळींस पोहोचविण्यास गेलो. सात-आठ मजल्यांची ती पांढरी बोट पाहून दादा म्हणाले, "हिच्यात आपले अख्खे जुने गाव मावेल." वहिनींनी जाताना मागे वळून पाहिले आणि नातीस बजाविले, "आजोबांना उतारावर ब्रेक दाबायला सांग."

भाऊच्या धक्क्यावर आलो तेव्हा दादांनी एक आठवण काढली. १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट याच धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि वादळी समुद्रात उलटली. सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. रेवस मांडव्याच्या शेजारचेच. किल्लारीच्या माणसाचे इतरांच्या तारखांकडेही लक्ष असते. मग त्यांनी बोटीवर जाताच पहिले काम कोणते केले असेल, तर जीवरक्षक जाकिटे कोठे आहेत ते नातीस दाखविण्याचे. आम्ही हे सर्व कुटुंबप्रमुखांस सुचवू: बोट लहान असो वा मोठी, आसन शोधण्यापूर्वी जाकिटे शोधावीत.

मांडव्याहून अलिबाग वीसेक किलोमीटर. आम्ही सामान घेऊन रिक्षाने पुढे जात होतो आणि ठरलेल्या ठिकाणी थांबत होतो. आजोबा आणि नात मागून सायकलींवर येत होती. सासवण्यास शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचे घर आहे. पुण्यातील शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा, जो १९२८ मध्ये उभा राहिला, तो त्यांचाच. त्यांच्या घरी आणि अंगणात त्यांची शिल्पे मांडून ठेविलेली आहेत. मोटारीने जाणाऱ्यांस ती पाटी दिसेपर्यंत मागे पडते. सायकलवाल्यास ती दुरून दिसते आणि थांबण्यास कोणाची परवानगी लागत नाही. पुढे किहीम; येथे १९३० मध्ये सलीम अली यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. ही गोष्ट दादांनी नातीस झाडाखाली पाणी पीत सांगितली. अशा वेळी सायकल हे वाहन न राहता शाळा होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी दादा अलिबागेच्या चुंबकीय वेधशाळेपाशी जाऊन उभे राहिले. पूर्वी ही वेधशाळा मुंबईत कुलाब्यास होती. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांमुळे सूक्ष्म नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ती येथे आणली. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद तेव्हापासून येथे चालू आहे. भूकंपाशी तिचा प्रत्यक्ष संबंध नाही, हे दादांस ठाऊक होते. ते फाटकाबाहेर सायकल धरून काही वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "पृथ्वी काय करते ते कोणी तरी रोज लिहून ठेवते आहे, हे बरे आहे." त्यावर आम्ही काही बोललो नाही.

त्याच सायंकाळी आम्ही मुंबईस परतलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बॅलार्ड पिअरवर मंडळींस सामोरे गेलो. वहिनींनी पुष्कळ सांगितले: गोव्यास बंदराच्या फाटकापर्यंत गाडीने कसे नेले, परतण्याची वेळ कशी दोनदा बजावली, जेवणाचे प्रकार किती होते आणि त्यांत वरण कसे साधे नव्हते. शेवटी हळूच म्हणाल्या, "मला तेथे फार चांगली झोप लागली." भूकंपापासून वहिनींस रात्री जमीन हालल्याचा भास होतो आणि जाग येते, हे घरात सर्वांस ठाऊक आहे, चांगली झोप ही त्यांच्या लेखी लहान गोष्ट नव्हे. आम्ही म्हणालो, बोट तर सारखी हालते. त्या म्हणाल्या, "म्हणूनच. तेथे हालणे खरेच होते. भास आहे की काय, असे उठून पाहावे लागत नव्हते." हे ऐकून दादांनी आपल्या हातातील पिशवी चिरंजिवांच्या हाती दिली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेविला. बापलेकांमध्ये या प्रकरणावर दुसरे काही बोलणे झाले नाही, आणि आता होण्याचे कारणही उरले नाही.

आता आमच्या वाचकांपैकी कोणास समुद्रसहलीस सायकल न्यावयाची असेल, त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. पैसे भरण्यापूर्वी कंपनीस लेखी विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. धक्क्यावर उभे राहून केलेला वाद फळत नाही. दुमडती सायकल पिशवीत घालून न्यावी. मोठी नेणे भाग असेल तर पायडले काढावीत आणि हँडल आडवे करावे. मात्र डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, हे विसरून जोर केल्यास आटे झिजतात. खाऱ्या हवेने साखळी दोन दिवसांत तांबडी पडते. म्हणून मुक्कामी पोहोचताच गोड्या पाण्याने पुसून तेल द्यावे. बंदरात उतरल्यावर बोटीने सांगितलेली वेळ स्वतःच्या घड्याळात नव्हे, बोटीच्या घड्याळाप्रमाणे धरावी. हाती असलेल्या वेळाचा एक तृतीयांश भाग संपताच तोंड वळवावे. उरलेल्यापैकी अर्धा वेळ परतीच्या उलट्या वाऱ्यासाठी आणि पंक्चरसाठी ठेवावा. बोट कोणाच्या पंक्चरसाठी थांबत नाही.

आणि ज्यांस सायकल चालवावयाची आहे पण विहाराच्या बोटीचे नियम जाचतात, त्यांनी आपल्याच किनाऱ्याकडे पाहावे. मांडव्याखेरीज आगरदांडा–दिघी, वेसवी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड अशा खाड्यांवर गाड्या नेणाऱ्या जंगलजेटी आहेत. दाभोळची २००३ पासूनची. एक खाडी बोटीने ओलांडावी, पुढची खाडी येईपर्यंत सायकलीवर जावे, अशा रीतीने कोकणचा किनारा पाहणारे पुष्कळ जण हल्ली भेटतात. त्या तीन पारशी तरुणांनी महासागरांवर केले तेच हे, खाडीएवढ्या मापाने.

असो. एकत्र कुटुंबात राहणाऱ्यांच्या मनात एक समजूत नकळत घर करून असते की, सर्वांस सुख द्यावयाचे तर सर्वांस एकच सुख दिले पाहिजे. आमच्या घरी जे ताट एकाला बोचत होते त्याच ताटाने दुसरीला विसावा मिळाला, आणि दोघांनी एकाच घरात, एकाच शेडात, तेच दिवस काढले होते. सहल योजणाऱ्या मुलांनी खोल्या राखण्यापूर्वी वडीलधाऱ्यांस 'तुम्हांला काय आवडेल?' असे विचारावे. आणि वडीलधाऱ्यांनी 'तुम्ही न्याल तिकडे' असे न म्हणता खरे उत्तर द्यावे. दादांनी आपले खरे उत्तर सायकलीच्या रूपाने दिले होते. ते समजण्यास आम्हांस महिना लागला.

ती दुमडती सायकल आता नातीची झाली आहे. सुटीत ती घरी आली म्हणजे सकाळी दोन सायकली जुन्या गावाकडे जातात.